नवी डिस्क बसवली, पण सर्व्हरला ती दिसेना

रेडमधली, म्हणजे एकमेकींचा डेटा सांभाळणाऱ्या डिस्कच्या गटातली, एक डिस्क गेली. तुम्ही ती काढली, नवी बसवली, ट्रेवरचा हिरवा दिवाही लागला. मग 'एलएसबीएलके' ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली तर यादी जुनीच, नव्या डिस्कचा पत्ता नाही. अशा वेळी हात आपोआप दोन गोष्टींकडे जातो: डिस्क पुन्हा ओढून घालणं आणि सर्व्हर रीबूट करणं. दोन्ही इतक्यात नकोत. "ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क दिसत नाही" हे काही एका बिघाडाचं नाव नाही. स्लॉटमधल्या विजेपासून कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) यादीपर्यंत पाच-सहा टप्पे आहेत आणि डिस्क त्यांतल्या कुठल्या तरी एका टप्प्यावर अडली आहे. ती शेवटची कोणाला दिसली, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या. लिनक्सवर भर आहे, विंडोजचा भाग शेवटाकडे येतो.

हात लावण्याआधी

रेड-५ मधली एक डिस्क गेली म्हणजे उरलेल्यांपैकी आता एकही जाऊन चालणार नाही. रेड-१ च्या जोडीचंही तेच. रेड-६ अजून एक सोसतं. रेड-१० मध्ये दुसरी कोणती जाते यावर सगळं अवलंबून. तुम्ही आत्ता ज्या सर्व्हरवर काम करताय तो एका पायावर उभा आहे, हे प्रत्येक आज्ञेआधी आठवा. बॅकअप झालेला आहे असं गृहीत धरू नका. त्यातली एखादी फाइल दुसरीकडे परत आणून उघडून पाहा, मगच पुढे जा.

रीबूटला माझा विरोध तीन कारणांनी आहे. वर्षानुवर्षं अखंड फिरत आलेल्या जुन्या डिस्क एकदा थांबल्या की पुन्हा फिरतीलच याची खात्री नसते. कर्नलच्या बफरमधल्या ज्या नोंदी तुम्हाला कारण सांगणार आहेत, त्या लॉग डिस्कवर साठवला जात नसेल तर पुसल्या जातात. शिवाय काही कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी कार्डं) सुरू होताना "परकं कॉन्फिगरेशन सापडलं, काय करू?" असं विचारून कळ दाबण्याची वाट पाहत बसतात. तुम्ही दूरवरून जोडलेले असाल आणि आयड्रॅक किंवा आयएलओसारखा व्यवस्थापनाचा वेगळा मार्ग नसेल, तर सर्व्हर तिथेच अडकतो. रीबूटची वेळ येते, नाही असं नाही, पण ती यादीत शेवटी.

आता कागद घ्या. काढलेल्या आणि घातलेल्या, दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर, मॉडेल, क्षमता आणि स्लॉट लिहून ठेवा. स्लॉटच्या आकड्यांवर एकट्या कधी विसंबू नका. एकदा रात्रीच्या कामात कंट्रोलरने 'स्लॉट ३' खराब सांगितला आणि मी ट्रेवर ३ लिहिलेली डिस्क ओढली. कंट्रोलर शून्यापासून मोजत होता, खोक्यावरचे आकडे एकपासून होते. ॲरे (एकत्र बांधलेल्या डिस्कचा गट) रेड-६ होता म्हणून माहिती वाचली. तेव्हापासून मी आधी दिवा लुकलुकवतो, मगच ट्रेला हात लावतो. मेगारेड कंट्रोलरवर 'स्टॉरसीएलआय /सी०/ई२५२/एस३ स्टार्ट लोकेट', आणि रेड न करणाऱ्या साध्या एचबीए कार्डावर 'लेडसीटीएल लोकेट=' पुढे डिस्कचा मार्ग. मेलेल्या डिस्कचा दिवा लागत नसेल तर बाकी सगळ्यांचे लावायचे. जिचा लागत नाही ती तुमची.

डिस्क कोणाला दिसायला हवी, हे आधी ठरवा

"दिसत नाही" म्हणून आलेल्या तक्रारींचा मोठा भाग इथेच सुटतो.

सर्व्हरमध्ये हार्डवेअर रेड कंट्रोलर असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला खऱ्या डिस्क सहसा दिसत नसतात. तिला दिसतो तो कंट्रोलरने तयार केलेला आभासी डिस्कचा एक तुकडा. आठ डिस्कच्या रेड-६ मधली एक बदलली, तर 'एलएसबीएलके'मध्ये काहीही नवीन उगवणार नाही, आणि उगवू नये. नवी डिस्क कंट्रोलरच्या आत सामील होते, रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा भरणं, सुरू होतं आणि कर्नलला त्याची गंधवार्ताही नसते. तेव्हा पहिला प्रश्न असा: जुनी डिस्क चांगली असताना ती यादीत स्वतंत्र दिसत होती का?

आठवत नसेल तर 'एलएसपीसीआय -के' चालवा. स्टोरेज कंट्रोलरखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसेल. 'मेगारेड_एसएएस' किंवा 'स्मार्टपीक्यूआय' असेल तर मध्ये रेड कंट्रोलर असण्याची शक्यता मोठी. 'एमपीटी३एसएएस' बहुतेक वेळा साधा एचबीए, म्हणजे डिस्क जशीच्या तशी पुढे देणारा. 'एएचसीआय' म्हणजे मदरबोर्डवरची साटा पोर्टं, आणि 'एनव्हीएमई' म्हणजे डिस्क थेट पीसीआय एक्सप्रेसवर.

यात एक फसवी मांडणी आहे. डिस्क जशीच्या तशी पुढे देण्याची (पास-थ्रू) सोय नसलेल्या जुन्या रेड कंट्रोलरवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम किंवा वितरित स्टोरेज चालवायचं असेल, तर लोक प्रत्येक डिस्कचा एकेकटा रेड-० करून ठेवतात. 'एलएसबीएलके'ला मग बारा डिस्कचे बारा तुकडे दिसतात आणि पास-थ्रू आहे असा भास होतो. त्यातली एक डिस्क गेली की तिचा रेड-० तिच्याबरोबरच मेला. त्याला दुसरी प्रत नाही, म्हणून रिबिल्डही नाही. नवी डिस्क घातली तरी कंट्रोलर ती बाजूला ठेवून गप्प बसतो, कारण तिचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. इथे तुम्हालाच नवा रेड-० तयार करावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही वेळा स्कॅन केली तरी उपयोग नाही.

स्लॉट, ट्रे, वीज

मांडणी कळली, आता खालच्या टोकापासून वर या. डिस्क फिरते आहे का? हात ट्रेवर ठेवला तर फिरणाऱ्या डिस्कची हलकी थरथर जाणवते. एसएसडीला अर्थातच ही खूण नाही. दिव्यावर फार भिस्त ठेवू नका. कित्येक बॅकप्लेनवर (डिस्क ज्या पाठच्या बोर्डाला जोडल्या जातात त्यावर) हिरवा दिवा फक्त "ट्रेमध्ये काहीतरी आहे आणि वीज पोहोचते" एवढंच सांगतो.

डिस्क पुन्हा बसवायचीच असेल तर कुलूप उघडून ती दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घ्या, तिथेच थांबू द्या, चकत्या पूर्ण थांबायला अर्धं मिनिट लागतं. मग एका दमात शेवटपर्यंत आत सरकवा आणि खटका बंद करा. अर्धवट सरकवून थांबलात तर संपर्क लागतो-तुटतो आणि कंट्रोलर त्या डिस्कवर अविश्वासाचा शिक्का मारू शकतो. घातल्यावर मिनिटभर थांबा. मोठ्या डिस्कला पूर्ण वेग घेऊन ओळख द्यायला वेळ लागतो, आणि काही कंट्रोलर डिस्क एकामागून एक फिरवतात.

ट्रे त्याच पिढीचा आहे ना, हेही पाहा. जवळपास सारखा दिसणारा दुसऱ्या पिढीचा ट्रे डिस्कला एक-दोन मिलिमीटर मागेच ठेवतो आणि कनेक्टर पुरता बसत नाही.

कनेक्टरचा मेळ बसतो का? साटा आणि सास या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती. साटा डिस्क सास बॅकप्लेनवर चालते, उलट होत नाही. सास डिस्कच्या कनेक्टरमधली फट भरलेली असल्याने ती साटा केबलवर बसतच नाही. यू.२ प्रकारची एनव्हीएमई डिस्क मात्र अडीच इंची सास डिस्कच्या घरात मापाने सहज शिरते. त्या घराला पीसीआय एक्सप्रेसच्या लेन जोडलेल्याच नसतील, तर डिस्क जिवंत असूनही तिच्याशी बोलणारं पलीकडे कोणी नसतं. अनेक सर्व्हरमध्ये ठरावीक घरंच एनव्हीएमईसाठी असतात. त्यांवरची रंगीत खूण किंवा माहितीपुस्तिका तपासा.

साटा डिस्क अजिबात फिरत नसेल तर एक कारण हमखास तपासण्यासारखं आहे. साटा ३.३ या मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं: तिथे व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. दूरवरून डिस्क बंद-चालू करता यावी, हा हेतू. पण जुने पॉवर सप्लाय आणि काही जुनी बॅकप्लेनं त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट देत असत, तेव्हाच्या नियमाने ते बरोबरच होतं. अशा जोडणीवर ही सोय असलेली नवी डिस्क कायम "बंद राहा" हाच हुकूम ऐकते. तीच डिस्क दुसऱ्या यंत्रात किंवा यूएसबी डॉकमध्ये व्यवस्थित चालते, म्हणून माणूस चक्रावून जातो. उपाय म्हणजे ३.३ व्होल्ट न देणारी जोडणी वापरणं, किंवा ही सोय नसलेलं मॉडेल मागवणं. पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी पट्टी) लावूनही भागतं, पण सर्व्हरमध्ये ती मी तात्पुरतीच मानतो. ट्रे आत-बाहेर होताना टेप सरकते.

रिकामा स्लॉट असेल तर नवी डिस्क तिथे घालून पाहा. तिथे दिसली तर दोष मूळ स्लॉटचा, बॅकप्लेनचा किंवा केबलचा. चालू ॲरेमधली चांगली डिस्क मात्र "स्लॉट तपासू" म्हणून कधीही काढू नका. याच मोहात एका पायावरचा ॲरे आडवा होतो.

कर्नल काय म्हणतोय

डिस्क बसवण्याआधी दुसऱ्या खिडकीत कर्नलच्या नोंदी दाखवणारी 'डीमेसग -टी -डब्ल्यू' चालू ठेवा आणि ट्रे सरकवताना त्याकडे पाहा. इतकं साधं काम, पण अर्धा तास वाचवतं.

काहीच ओळ आली नाही, तर डिस्क कर्नलपर्यंत पोहोचलेलीच नाही: एकतर मध्ये रेड कंट्रोलर आहे, किंवा वीज, जोडणी, हॉट-प्लग (चालू सर्व्हरमध्ये डिस्क घालता येण्याची सोय) यांतलं काही बंद आहे. साटा पोर्टवर 'लिंक डाउन' अशी ओळ आली तर पलीकडून उत्तर नाही. 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड' आणि पाठोपाठ 'कॉमरिसेट फेल्ड' आलं, तर डिस्क आहे पण संवाद जमत नाही. केबल, बॅकप्लेन किंवा खुद्द डिस्क संशयित. वेग १.५ गिगाबिटपर्यंत उतरवल्याची ओळ दिसली तर मी आधी केबल बदलतो.

मदरबोर्डच्या साटा पोर्टवर हॉट-प्लग बायोसमध्ये पोर्टनिहाय बंद ठेवलेला असू शकतो. शिवाय वीज वाचवण्याचं धोरण आड येतं: लिंक झोपवून ठेवली की डिस्क आत आल्याचा संकेत कंट्रोलरला मिळत नाही. '/सिस/क्लास/स्कझी_होस्ट/' खालच्या त्या होस्टच्या (कंट्रोलरच्या नोंदीच्या) 'लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी' या फाइलमध्ये 'मॅक्स_परफॉर्मन्स' लिहा आणि पुन्हा स्कॅन करा.

स्कॅन करण्याची रीत अशी: त्याच होस्टच्या 'स्कॅन' नावाच्या फाइलमध्ये तीन आडव्या रेषा, मध्ये मोकळी जागा सोडून, 'एको'ने लिहायच्या. अर्थ असा की सगळी चॅनेलं, सगळे लक्ष्य, सगळे उपक्रमांक शोध. होस्ट अनेक असतील तर प्रत्येकावर चालवा. याने चालू डिस्कना इजा होत नाही. 'एसजी३-यूटिल्स'मधली 'रीस्कॅन-स्कझी-बस' ही स्क्रिप्ट हेच करते. तिला जुन्या नोंदी काढून टाकण्याचा पर्याय आहे, तो मी अधू ॲरेवर वापरत नाही. एनव्हीएमईसाठी हे काहीच लागू नाही. तिथे '/सिस/बस/पीसीआय/रीस्कॅन'मध्ये १ लिहायचा आणि 'एनव्हीएमई लिस्ट' पाहायची. इंटेलचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क सांभाळणारी सोय) बायोसमध्ये चालू असेल तर एनव्हीएमई डिस्क त्याच्या आड जातात आणि त्याचा ड्रायव्हर नसलेल्या सिस्टिमला एकही दिसत नाही.

एक खोटा गजर इथे फार वेळा होतो. जुनी डिस्क 'एसडीबी' होती म्हणून माणूस 'एसडीबी'च शोधत बसतो. पण एमडी (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) किंवा एलव्हीएमने (डिस्कची जागा वाटणाऱ्या यंत्रणेने) त्या नावाचा धागा अजून सोडलेला नसतो, म्हणून कर्नल नव्या डिस्कला पुढचं रिकामं नाव देतो, 'एसडीके' म्हणा. डिस्क समोरच असते, फक्त नाव वेगळं. '/देव/डिस्क/बाय-आयडी' उघडा आणि कागदावरचा सिरीयल नंबर तिथे शोधा. जुना धागा सोडवायला एमडीच्या 'एमडीएडीएम' या साधनात 'डिटॅच्ड' हा शब्द आहे: --फेल डिटॅच्ड, मग --रिमूव्ह डिटॅच्ड. निघून गेलेले सदस्य नाव न सांगताही बाहेर पडतात.

डिस्क आहे, पण आकार शून्य

'एलएसस्कझी'मध्ये डिस्कचं मॉडेल दिसतं, 'एलएसबीएलके'मध्ये क्षमता ० बाइट. डीमेसगमध्ये 'अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०' अशी ओळ. ही डिस्क आधी एखाद्या मोठ्या स्टोरेज ॲरेमध्ये होती. तिथे प्रत्येक ५१२ बाइटच्या सेक्टरला ८ बाइट तपासणीसाठी जोडलेले असतात. लिनक्सला तो आकार चालत नाही आणि तो डिस्क बाजूला ठेवतो. वापरलेल्या सास डिस्क सुट्या भागात ठेवणाऱ्यांना हे कधी ना कधी भेटतंच.

डिस्क खराब नाही. ती एचबीएवर लावा, रेड कंट्रोलरच्या आडून हे होत नाही. 'एसजी_मॅप' किंवा 'एलएसस्कझी -जी' वरून तिचं 'एसजी' नाव काढा आणि 'एसजी_फॉरमॅट --फॉरमॅट --साइझ=५१२' पुढे ते नाव द्या. डिस्कवरचं सगळं जातं. म्हणून सिरीयल नंबर दोनदा जुळवा. शक्य असेल तर हे काम दुसऱ्याच यंत्रावर करा, जिथे चुकून पुसण्यासारखं काही नाही. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. मध्येच वीज गेली तर डिस्क 'फॉरमॅट बिघडलं' म्हणत राहते, पण पुन्हा पहिल्यापासून पूर्ण फॉरमॅट केल्यावर बहुधा उठते.

जवळची दुसरी भानगड ४के सेक्टरची. '५१२ई' डिस्क आतून ४०९६ बाइटची असली तरी बाहेर ५१२ च सांगते, तिला अडचण नाही. '४केएन' डिस्क मात्र बाहेरही ४०९६ सांगते. जुने कंट्रोलर तिला ओळखत नाहीत, आणि ओळखणारेही ५१२ वाल्या ॲरेमध्ये तिला घेत नाहीत. मागवताना मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर वाचूनच मागवा. क्षमतेलाही अशीच हद्द असते: एलएसआयच्या १०६८ई चिपवरचे जुने कंट्रोलर साधारण २ टीबीच्या पुढे जात नाहीत, तिथे ४ टीबीची डिस्क घालून वाट पाहण्यात अर्थ नाही.

रेड कंट्रोलरच्या आत

मेगारेड घराण्याचे कंट्रोलर असतील तर 'स्टॉरसीएलआय', डेलच्या पर्कवर तिचीच बहीण 'पर्कसीएलआय', एचपीईच्या स्मार्ट ॲरेवर 'एसएसएसीएलआय'. मी पहिल्या साधनाची भाषा वापरतो, संकल्पना सगळीकडे त्याच.

'स्टॉरसीएलआय /सी०/ईऑल/एसऑल शो' चालवा. यादीत नवी डिस्क अजिबात नसेल तर परत स्लॉट-विजेच्या टप्प्यावर जा. असेल तर तिची स्थिती वाचा, सगळं उत्तर तिथे आहे.

'यूगुड' म्हणजे डिस्क चांगली, पण कोणत्याही ॲरेत नाही. ऑटो-रिबिल्ड चालू असेल तर त्याच स्लॉटमध्ये घातलेली अशी डिस्क आपोआप रिबिल्डला लागते. लागली नाही तर 'शो ऑटोरिबिल्ड' पाहा. मग तिला ॲरेच्या रिकाम्या ओळीत हाताने बसवावं लागतं: '/सी०/ई२५२/एस३ इन्सर्ट डीजी=० ॲरे=० रो=२', आणि त्यानंतर 'स्टार्ट रिबिल्ड'. गट, ॲरे आणि ओळ यांचे आकडे '/सी०/डीऑल शो'मध्ये 'मिसिंग' लिहिलेल्या रांगेतून घ्यायचे. किंवा तिला हॉट स्पेअर (तयार राखीव डिस्क) करा, कंट्रोलर स्वतःच उचलून घेतो. मला ही वाट जास्त सुरक्षित वाटते, आकडे चुकण्याची भीती नाही.

'यूबॅड' असेल तर कंट्रोलरचा तिच्यावर विश्वास नाही. 'सेट गुड' म्हणून शिक्का पुसता येतो. पण आधी 'स्मार्टसीटीएल -ए -डी मेगारेड,एन' ने तिची प्रकृती पाहा. इथला 'एन' हा स्लॉट क्रमांक नाही, यादीतला 'डीआयडी' आहे. खराब सेक्टरचे आकडे वाढलेले असतील तर नवी म्हणून आलेली डिस्कही परत पाठवा.

'जेबॉड' दिसलं तर ती जशीच्या तशी पुढे दिली जातेय. ॲरेमध्ये हवी असेल तर तिलाही 'सेट गुड' करावं लागतं, काही वेळा 'फोर्स' जोडून.

आता 'एफ', म्हणजे फॉरेन, परकी. डिस्क आधी दुसऱ्या कंट्रोलरवर होती आणि त्या ॲरेची नोंद तिच्यावर अजून आहे. ही नोंद डिस्कच्या शेवटच्या भागात असते, म्हणून 'डीडी'ने सुरुवातीचे काही मेगाबाइट शून्य करून काहीच साध्य होत नाही. '/सी०/फॉल शो ऑल' चालवून पाहा नेमकं काय परकं आहे. फक्त नवी डिस्क परकी असेल तर '/सी०/फॉल डिलीट' केलं की ती यूगुड होते.

इथे माझी कळकळीची विनंती आहे. 'फॉल' म्हणजे सगळंच परकं. केबल क्षणभर निसटल्याने किंवा कंट्रोलर बदलल्याने तुमच्या मूळ ॲरेच्या डिस्कही परक्या म्हणून उभ्या असतील, तर तीच आज्ञा त्यांचीही ओळख पुसते. यादीत एकाहून जास्त डिस्क दिसल्या तर डिलीट करू नका. तिथे बहुधा 'इम्पोर्ट' हवं असतं, आणि खात्री होईपर्यंत नवी डिस्क बाहेर काढून ठेवलेली बरी. परकी आणि वर 'लॉक्ड' असेल तर ती स्वयं-एन्क्रिप्ट होणारी डिस्क आहे. जुन्या कंट्रोलरची किल्ली लागेल, नाहीतर तिच्या लेबलवरचा पीएसआयडी हा क्रमांक वापरून ती पूर्ण कोरी करावी लागेल.

एकेकट्या रेड-० ची मांडणी असेल तर यूगुड डिस्कवर '/सी० ॲड व्हीडी आर० ड्राइव्ह्ज=२५२:३' असा नवा तुकडा तयार करायचा. कित्येकदा इथेच कंट्रोलर नकार देतो आणि कारण धड सांगत नाही. जुनी डिस्क गेली तेव्हा तिच्यासाठी लिहायचं राहिलेलं काहीतरी कंट्रोलरच्या बॅटरीवरच्या कॅशमध्ये अडकलेलं असतं, आणि ते जपून ठेवण्याच्या नादात तो नवा तुकडा करू देत नाही. 'शो प्रिझर्व्ह्डकॅश' चालवा. तिथे दिसणारा आभासी डिस्कचा क्रमांक खरोखर मेलेल्या डिस्कचाच आहे हे पडताळा, मग '/सी०/व्ही३ डिलीट प्रिझर्व्ह्डकॅश', तीनच्या जागी तो क्रमांक. मेलेल्या रेड-० चा डेटा तसाही गेलेला आहे. पण क्रमांक दुसऱ्या एखाद्या तात्पुरत्या निखळलेल्या ॲरेचा निघाला, तर आधी तो ॲरे परत जोडा. कॅशमधलं त्याचं अपुरं लिखाण तेव्हाच डिस्कवर उतरेल. तुकडा तयार झाला की कर्नलच्या बाजूचं स्कॅन, आणि डिस्क दिसते.

विंडोज सर्व्हरवर

इथे काम थोडं. 'डिस्कपार्ट'मध्ये 'रीस्कॅन', मग 'लिस्ट डिस्क'. डिस्क 'ऑफलाइन' म्हणून दिसत असेल तर सिस्टिमने ती पाहिली आहे, फक्त वापरायला घेतलेली नाही. सामायिक बसवरच्या नव्या डिस्क ऑफलाइन ठेवण्याचं धोरण 'सॅन' ही आज्ञा दाखवते. 'सिलेक्ट डिस्क', 'ऑनलाइन डिस्क', आणि लिहिता येत नसेल तर 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली'. हुबेहूब प्रत काढलेली डिस्क घातली असेल तर दोघींची सही सारखी निघते आणि दुसरी ऑफलाइनच राहते. फक्त २ टीबी वापरता येत असतील तर डिस्कचा विभाजनाचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे, तो नव्या जीपीटीचा करा. 'क्लीन' ही सगळं पुसणारी आज्ञा टाइप करण्याआधी निवडलेला क्रमांक पुन्हा वाचा.

दिसली, पण ॲरे घेत नाही

सॉफ्टवेअर रेडमध्ये 'एमडीएडीएम' डिस्क पुरेशी मोठी नाही म्हणून नाकारतो. दोन कंपन्यांच्या सारख्याच क्षमतेच्या डिस्कमध्ये थोड्या सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि एका सेक्टरनेही कमी असलेली चालत नाही. 'ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४' ने दोन्ही मापा.

"डिव्हाइस वापरात आहे" असं उत्तर आलं तर डिस्कवरच्या जुन्या खुणा कोणीतरी उचलल्या आहेत. 'एलएसबीएलके' आणि '/प्रॉक/एमडीस्टॅट'मध्ये 'एमडी१२७' सारखा अनोळखी ॲरे उभा दिसेल. तो थांबवा, मग 'वाइपएफएस -एन' ने आधी फक्त यादी पाहा आणि खात्री झाल्यावर 'वाइपएफएस -ए'. एमडीच्या १.२ आवृत्तीची खूण सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर, १.० ची शेवटाला, जीपीटीची दुसरी प्रत शेवटाला, झेडएफएसच्या चार प्रतींपैकी दोन पुढे आणि दोन मागे. म्हणून हाताने पुसण्यापेक्षा साधनाकडूनच पुसून घ्या.

मग विभाजनाचा तक्ता चांगल्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरवायचा. 'एसजीडिस्क -आर' ची धाटणी उलटी आहे: 'आर'ला लागून येते ती *नवी*, आणि शेवटी एकटी येते ती *चांगली*. उलट लिहिलंत तर रिकामा तक्ता उरलेल्या एकमेव चांगल्या डिस्कवर जाईल. आधी 'एसजीडिस्क --बॅकअप' ने चांगल्या डिस्कचा तक्ता फाइलमध्ये घ्या, ती फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवा, मगच हात घाला. तक्ता उतरल्यावर नव्या डिस्कवर 'एसजीडिस्क -जी', इथे 'जी' मोठ्या लिपीतला, म्हणजे दोघींची ओळख वेगळी होते. त्यानंतर 'एमडीएडीएम /देव/एमडी० --ॲड' आणि नव्या डिस्कचं विभाजन. झेडएफएसवर 'झेडपूल रिप्लेस' पुढे पूलचं नाव, जुन्या सदस्याचा 'झेडपूल स्टेटस'मधला क्रमांक आणि नव्याचा बाय-आयडी मार्ग.

बूट होणारी जोडी असेल तर रिबिल्ड पूर्ण होऊनही नवी डिस्क एकटी सुरू होत नाही. जुन्या बायोस पद्धतीत 'ग्रब-इन्स्टॉल' नव्या डिस्कवरही चालवा. बायोसऐवजी यूईएफआय असेल तर ईएसपी (बूटच्या फाइलींच्या) विभाजनाची नक्कल करून 'ईएफआयबूटएमजीआर'ने तिची नोंद करा. हे राहिलं तर ते दुसरी डिस्क जाईल त्या दिवशी कळतं.

रिबिल्ड चालू असताना

'/प्रॉक/एमडीस्टॅट' किंवा 'शो रिबिल्ड' टक्केवारी दाखवतं. या काळात उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, तिचे लपलेले खराब सेक्टर आत्ताच उघडे पडतात. जड बॅकअप, मोठे बदल, फर्मवेअर अद्ययावत करणं, सगळं पुढे ढकला. लॉगमध्ये जुन्या डिस्कवर वाचनाच्या चुका दिसू लागल्या तर तिच्यासाठीही बदली डिस्क आत्ताच मागवा.

पूर्ण झाल्यावर ॲरेची स्थिती 'ऑप्टिमल' किंवा एमडीस्टॅटमध्ये सगळे 'यू' दिसतायत ना ते पाहा, लोकेटचा दिवा बंद करा, एकदा स्क्रब किंवा कन्सिस्टन्सी चेक (सगळा डेटा वाचून पडताळणं) चालवा. काढलेल्या डिस्कवर मार्करने तारीख, सर्व्हर, स्लॉट आणि कारण लिहा, आणि ती सुट्या भागांच्या कपाटात ठेवू नका. नव्या डिस्कचा सिरीयल नंबर स्लॉटच्या तक्त्यात चढवा. कंट्रोलरचे आकडे शून्यापासून आहेत की एकपासून, तेही त्याच तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.